नावाड्याचा कडू घास

माझ्या नाकावर राग असतो, हे पालममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीनं बाही उलटी लावली तर मी तिला गिऱ्हाइकासमोर बोलते, आणि गिऱ्हाइकानं आज माप देऊन उद्या ब्लाउज मागितला तर त्या बाईला पोरीसमोर बोलते. दोघींना सारखाच न्याय. तरीही माझं शिवणकामाचं दुकान इतकी वर्षं चाललं. त्याचं एक कारण म्हणजे माझ्या हाताची फिटिंग, आणि दुसरं कारण म्हणजे लाईट.

म्हणजे लाईट जाते ते. आमच्याकडं दुपारची लाईट गेली की मशीनच्या मोटरी बंद पडतात आणि हातशिलाई तेवढी उरते. हूक लावणं, काज करणं, साडीला फॉल लावणं. शटरमधून उजेड भरपूर येतो आणि कानाला काही काम नसतं. तेव्हा मी पुस्तक काढते आणि मोठ्यानं वाचते. लाईट असताना वाचायचं नाही, कारण मशीनच्या खडखडाटात कुणाला ऐकू येत नाही. लाईट गेल्यावर वाचन चुकवायचं नाही, मग दारात कलेक्टर का उभा असेना. सगळं गाव लाईट गेली की शिव्या देतं आणि आमच्या दुकानात पिकोची पोरगी टाळी वाजवते.

ही पोरगी कॉलेज सोडून माझ्याकडं पिको शिकायला आली आणि इथंच राहिली. हात जपून चालतो, तोंड मात्र सैल. पुस्तकं आणून देतात त्या मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, आता परभणीला लेकाजवळ असतात, पण ब्लाउज अजून माझ्याकडंच टाकतात. त्यांनीच एकदा ब्लाउजच्या मापासोबत एक जाड कादंबरी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, वाचून बघा, गंगाकाठची गोष्ट आहे. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.

एक भाग संपला, दुसरा आला. वर्षा-दोन वर्षांनी एक असे भाग येत गेले. आम्ही नावं लक्षात ठेवली नाहीत, कव्हरवरून ओळखायचो. पिवळं पुस्तक, निळं पुस्तक, मातकट पुस्तक. गोष्ट साधीच होती. गंगेच्या काठावर एक गाव, अल्याडची माणसं पल्याड नेणारा एक नावाडी, आणि त्याची बायको. पूर, लग्नं, भांडणं, निवडणुका, पोरांची शिक्षणं, सगळं त्या नावेतून जायचं आणि यायचं.

नावाडी मात्र साधा नव्हता. जात्याच हसवणारा माणूस. तव्यावरची करपलेली भाकरी आधी उचलायचा आणि म्हणायचा, ही माझी, हिला माझ्यासारखाच रंग आहे. नावेत दोन माणसं एकमेकांशी बोलत नसली की तो नाव बरोबर मधोमध न्यायचा, वल्हं आडवं मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचा, "आधी मिटवा, मग काठ." लोक ओरडायचे, विनवायचे, तो आपला तंबाखू मळत बसायचा. शेवटी ती माणसं बोलायची तेव्हाच नाव हलायची.

हे वाक्य आमच्या दुकानात इतकं बोकाळलं की मला त्याचा राग यायला लागला, कारण ते माझ्यावरच वापरायचे. झालं होतं असं की, शेजारच्या गाळ्यात पाथरीकडची एक बाई चहा-भज्याचं हॉटेल चालवायला आली होती. एकटीच, उंचपुरी, तोंडानं माझ्याइतकीच फटकळ. तिच्या भांड्याचं खरकटं पाणी वाहत माझ्या पायरीपाशी यायचं. मी बोलले. ती म्हणाली, पाणी काय मी शिकवून धाडते का, उतार तुमच्याकडं हाय. मी अजून चार शब्द बोलले, तिनं सहा परत केले. तेव्हापासून आमचा अबोला होता. मी तिच्याकडचा चहा बंद केला, तिनं तिचं पोलकं दुसरीकडं शिवायला टाकलं. आणि मी पायरीवरचं पाणी झाडूनं परत तिच्याकडं लोटायला लागले की पिकोची पोरगी मागून म्हणायची, आधी मिटवा, मग काठ. मी तिला कातर दाखवायचे.

आता अक्कांचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यासाठीच सांगायला बसले.

अक्का माझ्याकडं हूक-काज करायला आल्या त्याला दोन वर्षं होत आली. त्याआधी त्या नवऱ्यासोबत दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. त्यांच्या शेवटच्या हंगामात एका संध्याकाळी गाडी भरायला लागले होते. अक्कांचा नवरा मोळी घेऊन फळीवरून वर चढला, मोळी नीट गाडीत टाकली, आणि तिथंच छाती धरून बसला. दवाखान्यापर्यंत नेईस्तोवर संपलं होतं. परक्या जिल्ह्यात, कारखान्याच्या गावी त्याला अग्नी दिला. टोळी अर्ध्यात मोडत नसते. राख सावडून अक्का दिराच्या कोयत्याला जोडून परत फडात उतरल्या.

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी आणि पिठलं करून आणतात आणि घरच्यांना बळंच भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. आणणारीनं फार विचारायचं नसतं आणि घेणारानं नको म्हणायचं नसतं. अक्कांना तो घास मिळाला नाही. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत, शेजार कुठला असणार, सगळ्याच बाया दिवसभर वाकून अर्धमेल्या झालेल्या. त्या संध्याकाळी दिराच्या लेकरांना भूक लागली म्हणून अक्कांनीच चूल पेटवली आणि स्वतः भाकरी थापल्या. हे मला अक्कांनी सांगितलं नाही, त्यांची जाऊ ब्लाउज शिवायला आली होती, तिनं सांगितलं. हंगाम संपवून अक्का गावी परत आल्या तोवर ते मरण शिळं झालं होतं. कुणी बसायला आलं नाही. पाण्याच्या नळावर दोघी-चौघींनी विचारलं, लय वाईट झालं म्हणाल्या आणि आपापल्या घागरी उचलल्या. पुढच्या हंगामाला टोळीवाल्यानं अक्कांना घेतलं नाही. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. लेक ताडकळसला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. मग त्या माझ्याकडं आल्या.

अक्का रडल्या नव्हत्या. जाऊ म्हणाली, तिथं रडली न्हाई, हितं आल्यावर बी रडली न्हाई. नवऱ्याचा विषय निघाला की सुईत दोरा ओवायला घ्यायच्या. मी दोन-तीनदा मुद्दाम विषय काढून बघितला, कारण माणूस रडलं नाही की आत कुजतं असं माझी आई म्हणायची. अक्का दोरा ओवत राहिल्या. माझ्यासारख्या बोलक्या बाईला त्या गप्प बसण्यानं बेजार केलं होतं.

पुस्तकं त्यांनी तिसऱ्या भागापासून ऐकली. आधीचं सगळं पिकोच्या पोरीनं त्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. पहिले काही दिवस अक्का नुसत्या ऐकायच्या. मग एकदा नावाडी बायकोला हसवायला स्वतःच्याच डोक्यावर पाटी घेऊन कोळीण होतो, ती जागा आली आणि अक्का हसल्या. दात दिसले. मी वाचायची थांबले. त्या म्हणाल्या, "आमचे मालक बी असेच होते. लोकाला हसवायचे, आपण हसायचे न्हाईत." मालक म्हणजे नवरा. दोन वर्षांत नवऱ्याबद्दल त्या एवढंच बोलल्या. त्यानंतर नावाडी पानावर आला की त्या सुई ब्लाउजात टोचून ठेवायच्या आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ऐकायच्या. एकदा पुराच्या प्रकरणात नाव भोवऱ्यात सापडली, तेवढ्यात लाईट आली. नियम म्हणून मी पुस्तक मिटलं. अक्का मला म्हणाल्या, बाई, त्याला काई होऊ देऊ नका. जसं काही ते माझ्याच हातात होतं.

शेवटचा भाग यंदा दिवाळीच्या तोंडावर आला. दिवाळीत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून मॅडमनी आधी स्वतः वाचून घेतला. पुस्तक त्यांचं, तेव्हा पहिला मान त्यांचा, हे ठरलेलंच होतं. दिवाळी झाली. ऊसतोडीच्या गाड्या जायला लागल्या. दुकानासमोरूनच जातात, भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार लादून. एकेक गाडी गेली की अक्का हातातलं काम थांबवायच्या आणि ती वळेपर्यंत बघायच्या. अशाच एका दुपारी मॅडमचा फोन आला. मॅडम रडत होत्या. मला वाटलं घरात काही झालं. म्हणाल्या, "नावाडी जातो हो."

मी म्हणलं, मॅडम, तुम्ही शिकलेल्या, कागदाच्या माणसासाठी काय रडता. त्या म्हणाल्या, मी एकटी नाही. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, ही पुस्तकं वाचणाऱ्यांचा. तिथं हलकल्लोळ माजला होता. एक रिटायर तहसीलदार दोन वेळा जेवले नव्हते. एका बाईंनी शेवटचं प्रकरण स्टेपलरनं बंद करून टाकलं होतं, म्हणजे तो जिवंत राहील. एकानं लिहिणाऱ्याला सरळ शाप दिला होता. कुणी म्हणत होतं शेवट थंड केला, कुणी म्हणत होतं घाई केली. मॅडम म्हणाल्या, मी पुस्तक पाठवून देते, पण मला परत नको, माझ्या घरात ते ठेववत नाही.

फोन ठेवला आणि समोर अक्का दिसल्या. मान खाली घालून काज करत होत्या. रागबिग सगळा गळून पडला. एका माणसाचं मरण त्या बाईनं तसंच कोरडं गिळलं होतं, आता हे दुसरं मी माझ्याच तोंडानं वाचून दाखवायचं? मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू.

पुस्तक आलं ते मी अस्तराच्या ताग्यांमागं ढकललं. आणि जन्मात पहिल्यांदा मी लाईट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडले. लाईट गेलीच. मी म्हणलं, घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी अक्का घरून ओवा भाजून घेऊन आल्या, पदराच्या गाठीत, आणि माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, चावा, मोकळा व्हईल. मी ओवा चावला आणि म्हणलं, पुस्तक अजून आलं नाही. तेवढ्यात पिकोची पोरगी गुलाबी अस्तर काढायला मागं गेली आणि हिरव्या कव्हरचं पुस्तक हातात नाचवत बाहेर आली. हात दाखवून अवलक्षण. वेगळाच शेवट बनवून वाचावा असंही मनात आलं, पण मला खोटं वाचता येत नाही. माझं तोंड आधी लाल होतं आणि पोरगी ते बघून विचारते, काय झालं.

तर वाचायला सुरुवात झाली. लाईट जाईल तसं थोडं थोडं. या भागात गंगेवर पूल होतो. जसजसे खांब वर येतात तसतशी नावेतली माणसं कमी होतात. नावाडी पुलाच्या इंजिनिअरलाही हसवतो, म्हणतो, साहेब, तुमचा पूल भांडणं मिटवील का? पोरगी खिदळत होती. मी पुढं काय आहे ते जाणून वाचत होते, त्यामुळं मला हसणंही जड जात होतं. अक्का एकदा म्हणाल्या, बाई, तुमी लय हळू वाचायलात यंदा.

त्या दिवशी लाईट जेवणाआधीच गेली. डबे उघडायचे होते. पोरगी म्हणाली, एवढं पान वाचा, मग जेवू. ते पान तेच होतं. पूल सुरू झाल्याच्या संध्याकाळी नावाडी रिकामी नाव घेऊन एकटाच पल्याड जातो. बायको अल्याडच्या काठावर भाकरी थापत असते. बराच वेळ तो परत येत नाही. मग पहिल्यांदाच पुलावरून चालत माणसं येतात, आणि ती का आली हे तिला त्यांच्या चालण्यावरूनच कळतं. तो पल्याडच्या काठाला नावेतच बसलेला असतो, वल्हं आडवं मांडीवर.

माझा आवाज "वल्हं" शब्दाला फुटला. उरलेल्या ओळी कशाबशा वाचल्या आणि पुस्तक खाडकन मिटून कटिंगच्या टेबलावर आपटलं. लिहिणाऱ्याला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार भाग आम्ही त्या माणसाला जपला, पुरातून काढला, आजारातून काढला, ते यासाठी? पोरगी हुंदके देत पिकोच्या मशीनवर डोकं टेकून बसली. रस्त्यावरचे लोक आत डोकवायला लागले म्हणून मी शटर अर्धं ओढलं. डबे तसेच राहिले.

अक्का हूक लावत होत्या. मी हळूच बघितलं तर सगळे हूक उलट्या बाजूला लागले होते, एकाखाली एक, नीट ओळीत. एरवी मी केवढा आरडाओरडा केला असता. मला वाटलं, झालं, जी भीती होती तेच झालं, ही बाई अजूनच आत गेली.

पोरगी तोंड धुवायला बाहेर गेली. नळ हॉटेलवालीच्या गाळ्यापुढं आहे. हॉटेलवालीनं तिचे सुजलेले डोळे बघितले, अर्धं शटर बघितलं, आणि विचारलं, काय झालं गं. पोरीला धड बोलवेना. म्हणाली, गेला, आमचा नावाडी गेला, काल चांगला हसत हुता. आणि परत तोंडावर ओढणी घेऊन आत आली. तिनं हे मला सांगितलंसुद्धा नाही, नाहीतर मी पुढचं सगळं तिथंच थांबवलं असतं.

बऱ्याच वेळानं शटरखालून कुणीतरी वाकून आत आलं. हॉटेलवाली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, एका हातात कापडानं झाकलेली परडी, दुसऱ्या हातात पातेलं. मला काही कळेना. तिनं चप्पल बाहेर काढली, सरळ माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. महिनोन् महिने जिच्याशी मी बोलले नव्हते तिचा हात. गरम होता, पीठ लागलेला. परडीवरचं कापड तिनं बाजूला केलं. ज्वारीच्या भाकऱ्या. पातेल्यात पिठलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईनं धंद्याच्या वेळेला चहाचा स्टोव्ह बंद करून, गिऱ्हाइकं परत लावून आमच्यासाठी कडू घास करून आणला होता.

"कोण होतं तुमचं?" तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं.

आता हिला काय सांगू? पुस्तकातला माणूस मेला म्हणून सांगू? भांडण राहिलं बाजूला, ही माझ्या तोंडावर पिठलं फेकील आणि बरोबर करील. पोरगी जमिनीकडं बघायला लागली.

"माझा मालक," अक्का म्हणाल्या.

त्यांनी मांडीवरचा ब्लाउज खाली ठेवला होता. दोन्ही हात परडीकडं पुढं केले होते. "ही भाकर माझी हाय. तीन वर्सं होत आली. तवा कुणी आणलीच न्हाई."

हॉटेलवालीनं माझ्याकडं बघितलं नाही, पोरीकडं बघितलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या मयताची भाकर आज कशी, हेही विचारलं नाही. ती फक्त माझ्यापासून उठून अक्कांच्या समोर जाऊन बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि म्हणाली, "नाव काय होतं त्यांचं?"

आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर उखाण्यात. अक्कांनी ते सरळ घेतलं, नुसतं नाव, मोठ्यानं. दोन वर्षं माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या नवऱ्याचं नाव मला त्या दिवशी कळलं. ते मी इथं लिहीत नाही. हॉटेलवालीनं घास त्यांच्या तोंडात दिला. अक्कांनी तो चावला, गिळला, आणि मग त्या रडल्या. डोळ्याला पदर लावून नाही. आमच्या गावाकडं बाया मयतावर रडतात तसं, हेल काढून, बोलत बोलत. करपलेली भाकर कोण खाईल म्हणाल्या. फळीवर चढताना मी म्होरं होते, मागं वळून बघितलं न्हाई म्हणाल्या. त्या सांजेला माझ्याच हातानं चूल पेटवली रे, म्हणाल्या. पोरीनं उठून शटर पूर्ण खाली ओढलं.

मध्येच लाईट आली. पिकोच्या मशीनचं बटण चालूच राहिलं होतं, ती मोटर घरघरायला लागली. मी जाऊन बटण बंद केलं आणि मागून अक्कांच्या पाठीला पाठ लावून बसले. मलाही रडू आलं, आणि ते नावाड्यासाठी नव्हतं.

अक्का शांत झाल्यावर आम्ही सगळ्या जेवलो. कडू घास खाल्ल्याशिवाय उठू नये असं हॉटेलवालीनंच बजावलं. जेवताना मी तिला खरं सांगितलं. काय मोठी शूर नव्हते, पण तिची भाकरी खाऊन तिला फसवणं माझ्याच्यानं होईना. ती घास हातात धरून थांबली. टेबलावरच्या हिरव्या पुस्तकाकडं बघितलं.

"म्हंजी त्यो पुस्तकातला?"

मी मान हलवली.

"अन् ह्यांचा?"

"त्यांचा खरा."

"मग भाकर वाया न्हाई गेली," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला.

हात धुतल्यावर अक्का मला म्हणाल्या, राहिलेलं वाचा. मी म्हणलं, आता काय राहिलंय, तो तर गेला. त्या म्हणाल्या, "ती हाय की. ती काय करती म्होरं, ते बघू." मला धक्काच बसला. मॅडम रडल्या, तहसीलदार उपाशी राहिले, मी पुस्तक आपटलं, पण नावाड्याच्या बायकोचं पुढं काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं. लाईट असतानाही मी वाचलं. नियम मोडला. शेवटच्या चार पानांत फारसं काही घडत नाही. दिवस होतात, पाव्हणे जातात. मग एका सकाळी ती नाव काठावर ओढून घेते, उलटी घालते आणि तिच्या तळाला डांबर लावायला बसते. नाव कोण चालवणार, हे लिहिणारा सांगत नाही. पुस्तक तिथंच संपतं. मॅडमच्या ग्रुपवर यालाच थंड शेवट म्हणत होते. अक्का म्हणाल्या, "बराबर हाय." आणि सकाळचा ब्लाउज घेऊन उलटे लागलेले हूक एकेक उसवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर गेले तर हॉटेलवाली खाली बसून खरकट्या पाण्याला विटांची नाली करत होती. मी दुसरीकडून विटा लावू लागले. पोरीनं आतून ते वाक्य म्हणलंच. या वेळी मी कातर दाखवली नाही.

आता दुपारची लाईट गेली की हॉटेलवाली स्टोव्ह बारीक करून आत येते. तिला काही कळत नव्हतं कोण कुणाचं, म्हणून मॅडमकडून जुनी पुस्तकं मागवून आम्ही पिवळ्या पुस्तकापासून पुन्हा सुरू केलं. अक्कांनीही पहिले दोन भाग कुठं ऐकले होते. काल ती जागा आली, जिथं नावाडी पहिल्यांदा दिसतो. तरणाताठा, नवी नाव, डोक्याला लाल रुमाल, आणि नावेत पाय ठेवणाऱ्या पहिल्याच म्हातारीला तो असं काही बोलतो की म्हातारी हसता हसता पाण्यात पडायची राहते. हॉटेलवाली पोट धरून हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बघा की, ह्याचा कडू घास आधी आणला अन् वळख आता व्हायलीय."

अक्कांनी सुई ब्लाउजात टोचून ठेवली होती, दोन्ही हात मांडीवर होते.

"आमच्या मालकाची अन् तुमची बी वळख अशीच झाली," त्या म्हणाल्या. "थांबा, त्यांचं बी सांगते."